आधी न्याय : पीटर टॉशच्या गाण्यांविषयी

प्रश्न : सर, ११ सप्टेंबरला जमैकाचा रेगे गायक पीटर टॉश याच्या स्मृतिदिनी आम्ही कॉलेजात छोटा कार्यक्रम करतोय. बॉब मार्लीची एकी आणि प्रेम लोकांना पटकन भावतं. टॉश मात्र सतत चिडलेला वाटतो. घरी विचारलं तर म्हणाले, तो तर गांजाचा प्रचार करणारा. त्याच्या गाण्यांत आज घेण्यासारखं नेमकं काय आहे?

उत्तर : चिडलेला होता, हे तुझं बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करू.

मी गेली बावीस वर्षं गोव्यात बेस गिटार वाजवतो आणि त्यातली निम्मी तरी रेगे वाजवण्यात गेली. टॉशची गाणी आधी माझ्या बोटांत बसली, शब्द बऱ्याच उशिरा कळले, कारण जमैकाची बोली कानाला सरावायला वेळ लागतो. शब्द कळले तेव्हा जाणवलं की हा माणूस उगाच ओरडत नाही. राग कुणावर, कशापायी आणि कधीपासूनचा, याचा चोख हिशेब त्याच्याकडे आहे. १९७३ साली वेलर्सच्या, म्हणजे तो आणि मार्ली ज्या बँडमध्ये होते त्याच्या, पहिल्या मोठ्या अल्बममध्ये त्याचं एक गाणं आहे, त्याचं नावच 'फोर हंड्रेड इयर्स'. चारशे वर्षं झाली, तीच मनोवृत्ती चालू आहे, असं ते गाणं म्हणतं. त्या वेळी जमैका स्वतंत्र होऊन फक्त अकरा वर्षं झाली होती.

त्याची सगळी गाणी ज्या एका गाण्यात येऊन मिळतात ते म्हणजे १९७७ सालचं 'इक्वल राइट्स'. गाणं संथ आहे, आवाज खोल, धीरगंभीर. म्हणणं एवढंच : सगळे शांतता मागताहेत, न्याय कुणीच मागत नाही. मला शांतता नको, समान हक्क आणि न्याय हवा. पुढे तो विचारतो, सगळे गुन्हेगारीबद्दल बोलतात, पण गुन्हेगार कोण ते सांगा. शेवटाकडे नावं येतात : पॅलेस्टाइन, अँगोला, झिम्बाब्वे, आणि त्याच दमात इथे जमैकातही. परदेशातला अन्याय लांबून बघून हळहळणं सोपं असतं. त्याने स्वतःचं घर त्याच यादीत टाकलं.

हे नुसतं गाण्यापुरतं नव्हतं, याचा पुरावा वर्षभरात मिळाला. १९७०च्या दशकात किंग्स्टन शहर दोन पक्षांत चिरलं गेलं होतं. पंतप्रधान मायकल मॅनली यांचा पीएनपी आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा यांचा जेएलपी. गरीब वस्त्या पक्षांनी वाटून घेतलेल्या, दोन्हीकडे बंदुकवाले, चुकीच्या गल्लीत पाऊल पडलं तरी जीव जायचा. डिसेंबर १९७६ मध्ये तर मार्लीच्या घरात घुसून गोळ्या झाडल्या गेल्या. मग १९७८च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या टोळीप्रमुखांनी, क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल यांनी, आपसांत तह केला आणि २२ एप्रिल १९७८ला नॅशनल स्टेडियमवर 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' झाली. त्या रात्रीचा फोटो तू पाहिला असशील : मार्ली मधोमध उभा आहे आणि मॅनली व सियागा यांचे हात त्याने आपल्या डोक्यावर एकत्र धरलेत.

त्याच मंचावर, त्याच रात्री, मार्लीच्या आधी टॉश येऊन गेला होता. समोर पंतप्रधान, विरोधी पक्षनेते, पोलीस अधिकारी. दोन गाण्यांच्या मधे तो थांबला आणि बोलत सुटला. वसाहतवाल्यांनी उभी केलेली व्यवस्था अजून तशीच आहे, गरिबाला पोलीस रोज छळतात, हे त्याने नेत्यांकडे वळून सुनावलं. मी राजकारणी नाही, पण परिणाम मी भोगतो, असं म्हणाला. आणि शांततेबद्दल म्हणाला ते सगळ्यांत टोकदार होतं : शांतता हा शब्द थडग्यावर लिहिलेला असतो. भाषणाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शांततेच्या जलशात असं बोलायला काय लागत असेल, ते एकदा ऐकून बघ.

पुढे झालं काय? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किंग्स्टनच्या रस्त्यावर हातात गांजाची विडी असल्याच्या कारणावरून पोलिसांनी त्याला पकडलं आणि चौकीत नेऊन बडवलं. डोकं फुटलं, हात मोडला. मेल्याचं सोंग घेतलं म्हणून जीव वाचला, असं तो पुढे सांगायचा. तह करणाऱ्या दोघांपैकी मॅसप १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. आणि १९८०च्या निवडणुकीच्या वर्षात जमैकात सुमारे ८०० माणसं राजकीय हिंसाचारात बळी पडली. म्हणून मार्लीने जोडलेले ते हात खोटे होते, असं मी म्हणणार नाही. मार्लीने जिवावर उदार होऊन ते केलं होतं. पण हात जुळले त्या रात्री वस्त्यांमध्ये ना काम आलं, ना पाणी, ना पोलिसांची वागणूक बदलली. टॉश नेमकं याच्यावर बोट ठेवत होता.

मार्ली आणि टॉश यांना समोरासमोर उभं करू नकोस, हेही सांगतो. 'गेट अप, स्टँड अप' लोक मार्लीचं म्हणून गातात. १९७३ साली ते दोघांनी मिळून लिहिलं, आणि मेल्यावर स्वर्ग मिळेल या आश्वासनाचा वीट आलाय, हे त्यातलं धारदार कडवं टॉश गातो. वेस्टमोरलंडसारख्या खेड्यापाड्यांच्या भागात, चर्चच्या वळणात तो वाढला. पापं धुऊन मला बर्फाहून पांढरं कर, अशा अर्थाचं भजन काळ्या पोरांकडून म्हणवून घेतलं जाई, याची चीड तो मुलाखतींत बोलून दाखवायचा. गिटारही तो बघूनच शिकला. गावात एक माणूस एक गाणं वाजवत होता, हा अर्धा दिवस त्याच्या बोटांकडे बघत बसला, मग गिटार मागून घेतली आणि तेच गाणं वाजवून दाखवलं. तुला कुणी शिकवलं, असं त्या माणसाने विचारलं. टॉश म्हणाला, तुम्हीच. हा किस्सा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. वेलर्सच्या सुरुवातीच्या दिवसांत वाद्य हातात असलेला तोच होता.

आता ज्या गाण्यापाशी मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं ते घे : 'यू कान्ट ब्लेम द यूथ'. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं, वेलर्सच्या काळातलं. गाण्यात तो मोठ्यांशी बोलतो. तुम्ही पोरांना शिकवलंत की कोलंबस फार थोर माणूस होता, मार्को पोलो थोर होता, हॉकिन्स थोर, मॉर्गन थोर. गाय चंद्रावरून उडी मारते आणि ताटली चमच्याबरोबर पळून जाते, हेही शिकवलंत. आणि आता पोरं बिघडली म्हणून पोरांनाच दोष देताय?

ही नावं त्याने सहज म्हणून घेतलेली नाहीत. कोलंबस १४९४ साली जमैकाला पोचला. तिथले मूळचे टाइनो लोक त्यानंतर गुलामी आणि रोगराईत जवळजवळ नाहीसे झाले. जॉन हॉकिन्सने १५६२ साली पश्चिम आफ्रिकेतून माणसं धरून नेऊन विकली, इंग्रजांच्या गुलामव्यापाराचा आरंभ तिथला. हेन्री मॉर्गन हा समुद्री चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. त्याने १६७१ साली पनामा शहर लुटलं आणि बक्षीस म्हणून त्याला 'सर' किताब मिळाला, वर जमैकाचं उपराज्यपालपद. म्हणजे ज्यांनी लुटलं ते पाठ्यपुस्तकात थोर, आणि किंग्स्टनमधल्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीच्या गल्लीतलं उपाशी पोर मात्र गुन्हेगार. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात शिक्षणव्यवस्थेची इतकी सरळ उलटतपासणी माझ्या ऐकण्यात दुसरी नाही.

मी हे गाणं शिकवायला घेतलं तेव्हा वर्गात वास्कोहून येणारा एक मुलगा होता. कोलंबसचं कडवं झालं आणि तो थांबला. म्हणाला, "सर, माझ्या गावाचं नाव वास्को द गामा आहे." मग आम्ही गिटारी खाली ठेवल्या. १५०२ साली त्याच वास्को द गामाने हजहून परतणारं जहाज अडवून, आत बायकापोरं असताना पेटवून दिलं होतं, हे त्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तालीम झाली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्या मुलाने ते गाणं असं वाजवलं, की चूक काढायला मला जागा सापडली नाही.

टॉशची भाषा हा वेगळाच विषय आहे, पण संदेश समजायचा तर तिला वगळून चालत नाही. इंग्रजी ही मालकांची भाषा, आणि तिच्यात मालकाची बाजू आधीच भरलेली आहे, असं रास्ता लोक, म्हणजे टॉश ज्या रास्ताफारी पंथाचा होता त्याचे अनुयायी, मानत. 'ऑप्रेसर' म्हणजे जुलूम करणारा, पण त्यातलं 'ऑप' कानाला 'अप'सारखं लागतं. जो माणसाला खाली दाबतो त्याच्या नावात 'अप' कशाला? म्हणून तो 'डाउनप्रेसर'. पॉलिटिक्सचं 'पॉलिट्रिक्स', प्राइम मिनिस्टरचा 'क्राइम मिनिस्टर', किंग्स्टनचं 'किलसम'. लोक हसायचे, पण टॉश हे हसवण्यासाठी करत नव्हता. शब्द जसाच्या तसा उचलला की त्यातला अर्थही मुकाट्याने उचलावा लागतो, हे त्याला कळलं होतं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'कलमकसाई' हा शब्द चालवला तेव्हा हेच केलं होतं. लेखणीची प्रतिष्ठा एका शब्दात उतरवली. मराठी वाचकाला टॉश परका वाटू नये तो या ठिकाणी.

गांजाचं काय, हा तुझ्या घरच्यांचा प्रश्न. टाळणार नाही. 'लीगलाइज इट' हे गाणं १९७५-७६चं, जमैकाच्या रेडिओवर त्याला बंदी होती. गाण्यात टॉश कोण कोण ओढतं त्याची यादी देतो : गायक, वादक, डॉक्टर, नर्स, न्यायाधीश, वकील. यादी नीट ऐक. ओढतात सगळे, तुरुंगात जातो एकच वर्ग. माझ्या समजुतीप्रमाणे गाण्याचा कणा तो आहे. हा कायदा पोलिसांच्या हातातली काठी होती, आणि ती केस वाढवलेल्या गरीब रास्तावर रोज पडत होती, त्याच्या स्वतःच्या डोक्यावरही पडली. त्याच्या दृष्टीने ते झाड धर्माचा भाग होतं आणि औषधही. 'गांजा' हा शब्द जमैकाला आपल्याकडून गेलाय. १८४५पासून गिरमिटिया मजूर म्हणून जे हजारो भारतीय उसाच्या मळ्यांवर नेले, त्यांच्याबरोबर तो शब्द आणि चिलीम तिथे पोचली.

२०१५ साली जमैकाने कायदा बदलला, दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि रास्तांना धर्मासाठी वापरायची मुभा मिळाली. टॉश जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. आणि २०१७ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या तुरुंगात, गांजाच्याच प्रकरणात शिक्षा भोगत असलेल्या त्याच्या मुलाला मारहाण झाली. तो कोमात गेला आणि २०२० मध्ये वारला. बाप ज्याच्याविरुद्ध गात होता तेच मुलाच्या वाट्याला आलं. हे लिहिताना हात जड होतो. मी स्वतः ओढत नाही, माझ्या वर्गात चालू देत नाही, आणि आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा कायदा आहे हे पोरांना स्पष्ट सांगतो. पण त्या एका गाण्यावरून सगळ्या माणसाला निकालात काढणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे. किनाऱ्यावरच्या दुकानांत पानाचं चित्र छापलेले टी-शर्ट टांगलेले दिसतात तेव्हा मला 'इक्वल राइट्स'चे शब्द आठवतात, ते कुठल्याच टी-शर्टवर नसतात.

मीही यात निर्दोष नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शॅकमध्ये आमचा कार्यक्रम होता. मालकाने आधीच बजावलं, "मार्लीची दोन-चार मस्त गाणी वाजवा, ते भांडणाचं काही नको, गिऱ्हाईक उठून जातं." पैशांची गरज होती. आम्ही 'इक्वल राइट्स' यादीतून काढलं. त्याची रुखरुख आजही आहे, आणि त्यानंतर ते गाणं मी कधी काढलेलं नाही.

वाजवण्याबद्दल थोडं, कारण संदेश शब्दांइतकाच ठेक्यातही आहे. रेगेचा मूळ ठेका 'वन ड्रॉप'. चार मात्रांपैकी पहिलीवर ड्रम वाजतच नाही, सगळा भार तिसरीवर पडतो, आणि गिटार मधल्या उचलीवर छोटे तुटक ठोके देते. आपल्या कानाला सम भरलेली लागते. माझ्याकडे घुमट हे गोव्यातलं मातीचं तालवाद्य वाजवणारी मुलं येतात, त्यांचा पाय समेवर आपटल्याशिवाय राहत नाही. त्यांना मी म्हणतो, सम मोकळी सोड, तिथे बेस आणि शब्द येऊ दे. महिनाभर जातो. एकदा ते जमलं की गाण्यात हवा खेळायला लागते आणि गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. टॉशची वाक्यं लहान, प्रश्नार्थक, परत परत येणारी आहेत, ती या मोकळ्या जागेत बसतात. घाईच्या ठेक्यावर तीच वाक्यं घोषणा वाटली असती. 'इक्वल राइट्स' अल्बमवर बेसला रॉबी शेक्सपिअर आणि ड्रमवर स्लाय डनबर आहेत. माझं निम्मं शिक्षण त्या एका अल्बमवर झालंय.

ही गाणी पोचली कुठे, ते बघ. १९७७च्या त्या अल्बममध्ये 'अपार्टहाइड' (वर्णभेद) नावाचं गाणं होतं, दक्षिण आफ्रिकेत सोवेटोतल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्या-हिऱ्यांच्या खाणी आणि काळ्यांवरची बळजबरी यांचा संबंध ते गाणं थेट लावतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतच लकी डुबे नावाचा तरुण गायक टॉशच्या प्रभावाने रेगेकडे वळला आणि वर्णभेदाच्या राजवटीत, तिच्या नाकासमोर गात राहिला. त्याची गाणी सगळ्या आफ्रिका खंडात गेली. २००७ साली जोहान्सबर्गमध्ये गाडी लुटू पाहणाऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. टॉशचंही तसंच झालं होतं : ११ सप्टेंबर १९८७, किंग्स्टनमधलं घर, लुटायला आलेले बंदूकधारी. टॉशसह तिघे मेले, तो बेचाळीस वर्षांचा होता. त्याचा ड्रमर सांता डेव्हिस जखमी होऊन वाचला. तेच वर्ष त्याच्या 'नो न्यूक्लिअर वॉर' या शेवटच्या अल्बमचं, त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा घ्यायला तो नव्हता. जमैकाने त्याला 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं २०१२ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. ज्याला चौकीत मारलं त्याच्या नावाने किंग्स्टनमध्ये आज संग्रहालय आहे, तिथे त्याची बंदुकीच्या आकाराची गिटारही ठेवली आहे.

एक उणीवही कार्यक्रमात सांगा, लपवू नका. समान हक्कांच्या या गाण्यांत बाईचं जगणं फारसं येत नाही. 'आफ्रिकन' हे त्याचं फार चांगलं गाणं आहे : कातडी उजळ असो की गडद, धर्म कुठलाही असो, कुठल्याही गावाहून आलेला असो, काळा माणूस तो आफ्रिकनच. रंगाच्या छटांवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या बेटावर हे म्हणणं मोठं होतं. पण त्यातला 'माणूस' शब्दशः पुरुष आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे दाखवलं तोवर मला ते ऐकूच आलं नव्हतं. ती ते कडवं थोडं बदलून गाते, आणि मला ते योग्य वाटतं.

कार्यक्रमासाठी माझं सुचवणं असं. 'लीगलाइज इट'ने सुरुवात करू नका, सगळी चर्चा तिथेच अडकेल. 'यू कान्ट ब्लेम द यूथ' आधी घ्या, त्याच्या आधी कोलंबस, हॉकिन्स, मॉर्गन कोण ते मराठीत दोन मिनिटं सांगा. मग 'डाउनप्रेसर मॅन'. नंतर 'द डे द डॉलर डाय', १९७९चं, महागाईने घाबरलेल्या घरांचं गाणं. बाजारहाट करून आलेल्या कुणालाही ते समजावून द्यावं लागत नाही. शेवटी 'इक्वल राइट्स', पूर्ण, मधे कापू नका. गाताना आवाज चढवायचा मोह होईल. टॉश तिथे ओरडत नाही, खाली उतरून गातो, तुम्हीही तसंच गा.

आणि आवाजाची व्यवस्था बघणाऱ्याला सांगून ठेव, बेस दाबू नकोस म्हणावं. मागच्या ओळीतल्या माणसाला तो खुर्चीतून जाणवला पाहिजे.